अठरा किलो दोनशे ग्रॅम

काकांनी माझ्या खोलीची झडती घेतली तेव्हा आधी दारात चपला काढल्या होत्या. सव्वाचार फूट लांबीचा लोखंडी अ‍ॅक्सल मी त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुठं लपवणार होते? पण त्यांनी गादी उचलून बघितली, कपाट उघडायला लावलं, बाथरूमवरच्या माळ्यावर बॅटरी मारली. शेवटी माझ्या पुस्तकांच्या खोक्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "म्याडम, राग धरू नका. मी सगळ्याच भाडेकरूंच्या खोल्या बघायलोय."

"काका, भाडेकरू मी एकटीच आहे."

"हाव. म्हणून तर लवकर होईल."

मी लातूरच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवायला नुकतीच लागले होते. गाव माझं अहमदपूर. रोज एसटीनं येणं-जाणं परवडेना, म्हणून औसा रोडच्या आतल्या गल्लीत ही खोली घेतली. खोली दाखवताना लोक जात विचारतात, स्वयंपाकात काय करता ते विचारतात. काकांनी मला एकच विचारलं, "व्हर्नियर वाचता येतो का?" मी हो म्हणाले. त्यावर त्यांनी खिशातून एक नाणं आणि व्हर्नियर काढून माझ्या हातात दिला, आणि मी जाडी सांगितल्यावर स्वतः पुन्हा मोजून बघितली. मग किल्ली दिली.

ते वजनमापे निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी बाजारपेठांतले तराजू उलटे करून बघितले होते. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, आतून पोखरलेलं वजन, दोन बोटं कमी भरणारा गज, हे सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं की निवृत्तीनंतरही त्यांचं मन सरळ वस्तूवर बसत नसे. गॅसची टाकी आली की गाडीवाल्याला थांबवून ते काट्याला अडकवत. दूधवाल्याचं माप आपल्या मापात ओतून बघत. काकूंची शिवणकामाची टेप धुण्यानं ताणली गेली आहे, असं त्यांनी स्टीलच्या पट्टीशी लावून सिद्ध केलं होतं, आणि तरी काकू तीच टेप वापरत, यावर त्यांचा खरा राग होता. मी सहज म्हणाले, "आज लई ऊन आहे," तर ते विचारत, "मोजलं का?"

आणि त्यांची ती नजर. बोलता बोलता ते मधेच थांबायचे आणि समोरच्याकडे एकटक बघत राहायचे. पापणी हलायची नाही. आपण बोललेलं वाक्य हवेत तसंच लटकून राहायचं. मिनिटभरानं ते हलायचे आणि भलतंच काहीतरी विचारायचे. पहिल्या महिन्यात त्या नजरेनं मला घाम फुटायचा. मी भाड्याची पावती खोटी बनवली आहे की काय, असं मलाच वाटू लागायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, साहेबांचा डोळा म्हणजे एक्स-रे. त्यांच्यासमोर कुणी फार वेळ उभं राहत नसे.

या माणसाला एकच नाद होता, तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. उदगीरकडच्या एका जुन्या घराण्याच्या भंगारातून त्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच्या एका अमेरिकन मोटारीचा सांगाडा आणला होता. तिला छत नव्हतं, मडगार्ड नव्हते, बॉनेटही नव्हतं. इंजिन जीपचं. सगळं उघडं. परदेशात अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात, हे त्यांनी नोकरीत असतानाच कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं आणि तेव्हापासून मनात ठेवलं होतं. गल्लीतली पोरं तिला 'नागडी गाडी' म्हणत. काकांना ते आवडत असावं, कारण त्यांनी कुणाला कधी टोकलं नाही.

गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल मात्र शेडमध्ये नसे. तो हॉलमध्ये दिवाणाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला. या अ‍ॅक्सलची जात ओळखायला त्यांना वर्ष लागलं होतं. दोन्ही टोकांना ज्या भोकांत किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती जाड खीळ, बसते, त्यांना ते डोळे म्हणत. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्याचं अंतर, डोळ्याची उंची, भोकाचा व्यास आणि मधल्या भागाचा झोक, ही चार मापं घेऊन त्यांनी परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ई-मेल पाठवले. गॅरेजवाले "ओरिजनल आहे साहेब" म्हणत, त्यांना ते हात लावू देत नसत. शेवटी जात कळली, साल कळलं, आणि त्यांनी अ‍ॅक्सलच्या पोटावर पांढऱ्या रंगानं वजन लिहून ठेवलं: १८.२००. दर तीन महिन्यांनी ते त्याचं वजन करत. घासून-पुसून ठेवलेल्या लोखंडाचं वजन पुन्हा पुन्हा करायचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणसावर नजर ठेवायची असली तर आधी वस्तूवर ठेवावी लागते."

त्या वर्षी मे महिन्यात काका-काकू पुतण्याच्या लग्नाला चार दिवस नांदेडला गेले होते. मीही सुट्टीत गावी होते. आल्यावर दोन-तीन आठवडे काही नाही. मग डोळ्यांत नवे बुश, म्हणजे पितळी नळ्या, बसवायचे म्हणून त्यांनी अ‍ॅक्सल काढला, रीतीप्रमाणे काट्याला लावला, आणि काटा एकोणीस किलो सहाशे पन्नासवर थांबला.

त्यांनी काटा तपासला. आपली तपासणीची वजनं लावली. काटा बरोबर होता. पोटावरचा आकडा मात्र १८.२०० असाच होता, त्यांच्याच अक्षरासारखा.

"लोखंड वाढत नसतं म्याडम," ते मला म्हणाले. त्यानंतरच माझी झडती झाली.

झडतीत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी मलाच मदतीला घेतलं. संशयित आणि तज्ज्ञ, दोन्ही मीच. अंगणात दोन स्टुलांवर अ‍ॅक्सल ठेवला आणि मी मापं घेतली. डोळ्यांमधलं अंतर जवळपास जुळत होतं. पण डोळ्याची उंची तीन मिलिमीटरनं जास्त होती आणि भोक मोठं होतं. मी म्हणाले, "काका, हा तुमच्या गाडीचा नाही. एखाद्या जुन्या टेम्पोचा असावा." टेम्पोच्या अ‍ॅक्सलवर स्प्रिंगचे पाटे बसवायला सपाट बैठक असते. इथं ती बैठक घासून काढली होती आणि जुन्या गाडीसारखी भोकं नव्यानं पाडली होती. वरून करडा रंग मारला होता. कुणीतरी दोन-तीन दिवस राबलं होतं.

काकांनी स्वतः एकदा व्हर्नियर लावून बघितला. मग म्हणाले, "भंगारवाल्याकडंच गेला असणार."

गल्लीच्या तोंडाशी भंगाराचं दुकान होतं. मालकाला सगळे ड्रायव्हर म्हणत, कारण भंगारात पडण्याआधी त्यानं वीस वर्षं ट्रक चालवला होता. लातूरहून हैदराबाद, हैदराबादहून नागपूर. साठीचा, शांत माणूस. काका त्याचा तराजू महिन्यातून एकदा, कुणी न सांगता, तपासत आणि तो तपासू देत असे. अ‍ॅक्सल बघायला तो दोनदा घरी आला होता, इतकाच त्याचा गुन्हा.

काकांनी भर सकाळी, पाण्याच्या वेळी, त्याच्या दुकानासमोर उभं राहून विचारलं, "माझा अ‍ॅक्सल कुठाय?"

"कोणता अ‍ॅक्सल साहेब?"

"घडवून ठेवलाव ना नकली. अस्सल कुठं विकला?"

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. दोन दिवसांत गल्लीनं त्याला रद्दी देणं बंद केलं. कुणाची चोरीला गेलेली पितळी समई, कुणाची सायकल, सगळं त्याच्या दुकानाशी जोडलं जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आमच्या फाटकाशी आला. आत आला नाही.

"साहेब, तराजू तुम्ही माझा नेहमी तपासता. एकदा माणूस बी तपासा."

काका म्हणाले, "ते आता पोलीस तपासतील. सोमवारी अर्ज देणार हाय."

मला झोप लागेना असं काही झालं नाही, पण मनात एक गोष्ट अडकून बसली होती. चोर एवढे कष्ट कशाला घेईल? त्याला अ‍ॅक्सल हवा असता तर उचलून नेला असता. दिवाणाखाली नकली ठेवायचा, त्यावर अक्षर गिरवायचं, हे ज्यानं केलं त्याला अ‍ॅक्सल नको होता. त्याला फक्त काकांना कळू द्यायचं नव्हतं. मी दुपारी काका आडवे झाल्यावर अंगणात गेले आणि नकली अ‍ॅक्सलचा करडा रंग ब्लेडनं खरवडला. खाली झगझगीत हिरवा रंग लागला. तो रंग मी लहानपणापासून ओळखते. आमच्या अहमदपुरात मार्केट यार्डाच्या मागं पेरणी यंत्रं बनतात, त्यांना मारतात तो. आणि तिथल्या एका कारखान्याचे मालक काकूंचे सख्खे भाऊ होते.

वर बघितलं तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पिठाचा गोळा होता. त्या आत गेल्या.

रविवारी मी गावी गेले आणि एसटी स्टँडवरून थेट त्या कारखान्यात. काकूंच्या भावाला मी मामा म्हणायचे. मामांनी चहा मागवला, माझ्या वडिलांची चौकशी केली, सोयाबीनचं बोलले. मी म्हणाले, "मामा, अ‍ॅक्सल कुठाय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग उठून मागच्या खोलीत घेऊन गेले. पोत्यात गुंडाळून, वर ग्रीस थापून, फळीवर ठेवला होता. एखाद्या आजाऱ्याला ठेवावं तसा.

"ताईनं टेपनं माप घेऊन दिलं होतं, लग्नाला जाताना घराची किल्ली बी," मामा म्हणाले. "वजनाचं काही माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"पण का मामा?"

"ते तिलाच विचारा. मी तिचा शब्द मोडलो न्हाई कधी."

संध्याकाळी लातूरला परतले तेव्हा काका शेडमध्ये होते. काकू भाजी निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी काही विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, "गेली होतीस का भावाकडं?"

"हो."

"मग बघितलंस. नीट ठेवलाय की न्हाई?"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काका स्कूटरवरून गंजगोलाईजवळ पडले होते. ते म्हणत, रस्त्यावर रेती होती. काकूंनी बघितलं होतं, रेती नव्हती. डॉक्टरांनी डोक्याचा आलेख काढला आणि सांगितलं, यांना फिटचा त्रास आहे, हातपाय झाडत नाहीत पण मिनिटभर भान जातं, आता कोणतीही गाडी चालवायची नाही. काकांनी आलेख डॉक्टरांना परत केला. त्या यंत्रावर पडताळणीचा शिक्का कुठं आहे, असं विचारलं. गोळ्या आठ दिवस घेतल्या आणि सोडून दिल्या.

"स्कूटर मी विकायला लावली, गुडघ्याचं निमित्त काढून," काकू म्हणाल्या. "पण ही गाडी कशी थांबवू? गाडी पुरी झाली की ते बसणार. नको म्हणलं तर आज बसतील. मग म्हणलं, पुरीच होऊ द्यायची न्हाई. नवा अ‍ॅक्सल बसणार न्हाई, मग ते बुश बदलतील, पिन बदलतील, खटपट करत राहतील. दहा वर्षं जातील. जाऊ दे."

मी ऐकत होते आणि एकेक प्रसंग आठवत होता. ती नजर. बोलता बोलता थांबणं, पापणी न हलवता बघत राहणं. वर्षभर मी ज्याला संशय समजत होते, तो संशय नव्हता. त्या मिनिटात काका तिथं नव्हतेच.

"काकू, उद्या सोमवार आहे," मी म्हणाले. "ड्रायव्हरचं काय?"

त्यांनी निवडलेली भाजी सुपात सारखी केली. देठ गोळा केले. खूप वेळ लागला त्यांना. मग फोन उचलला आणि भावाला म्हणाल्या, "सकाळच्याला घेऊन ये."

सकाळी मामांची जीप आली. काकूंनी शेजारच्या पोराकरवी ड्रायव्हरलाही बोलावून घेतलं होतं. तो फाटकातच थांबला. काकू म्हणाल्या, "आत या भाऊ." मामांनी पोतं सोडलं. काका काटा घेऊन आले. अठरा किलो दोनशे. ग्रीसमुळं वर चाळीस ग्रॅम.

"कुणाकडं सापडला?" काकांनी मामांना विचारलं.

"माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "मीच न्यायला लावला होता."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. ती नजर आता कोणती, हे मला कळेना. काकू आत गेल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. पानांच्या मागं, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, बारीक अक्षरात नोंदी होत्या. घास हातात धरून, एक मिनिट दहा सेकंद. पायरीवर उभे, पन्नास सेकंद. नळ चालू ठेवून, दीड मिनिट.

"हे कशाचं?"

"तुम्ही थांबता त्याचं. तुम्हाला कळत न्हाई."

काकांनी पानं उलटली. "कशानं मोजलं?"

"तुमच्याच स्टॉपवॉचनं."

"किती वेळा?"

"मला दिसलं तेवढं. एकोणीस वेळा."

ते माझ्याकडे वळले. "म्याडम, तुम्ही बी बघितलाव?"

"हो काका. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर संशय घ्यायलाव."

काका पायरीवर बसले. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी दुकानदारांना असं बसताना बघितलं असेल. अर्ज खिशातच होता, त्याची घडी वर दिसत होती. तो त्यांनी काढला, चार तुकडे केले, आणि ड्रायव्हरच्या हाताला धरून त्याला बाहेर घेऊन गेले. त्याच नळापाशी, त्याच पाण्याच्या वेळी, कामावर असताना हुकूम वाचून दाखवत असतील तशा आवाजात म्हणाले, "यांनी काहीच नेलं नव्हतं. चूक माझी हाय." ड्रायव्हरनं हात सोडवून घेतला आणि दुकानाकडे गेला. तो लगेच विरघळला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, त्रास कमी होईल, पण गाडी चालवणं मात्र कायमचं बंद. त्यानंतरच आम्ही अ‍ॅक्सल खऱ्या अर्थानं उघडला.

असं काम मी पुस्तकात शिकवते, पण त्यांच्यासारखं करताना कुणाला पाहिलं नाही. गंजलेल्या किंगपिना तापवून, ठोकून बाहेर काढल्या. अ‍ॅक्सल रात्रभर रॉकेलमध्ये बुडवला, मग कोरडा पुसून खडूची पूड फासली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ काढतं. आम्ही दोघं भिंग घेऊन तासभर बसलो. रेघ नव्हती. तरी त्यांनी पुन्हा एकदा केलं. मग दोरी ताणून सरळपणा बघितला. मामांनी नवे पितळी बुश खरादून दिले, मी रुंदी वाढवणारा रीमर मारला आणि पिन हातानं ढकलली की जरा अडून आत जाईल इतकं भोक केलं. काका म्हणाले, "थांबा." व्हर्नियर लावला. मग खिशात ठेवून दिला आणि म्हणाले, "हाय बरोबर. तुमचंच वाचन धरू."

चाकं चढली त्या दिवशी ते ड्रायव्हरच्या दुकानात गेले. मी मागं होते.

"गाडी चालवाल का?" काकांनी विचारलं.

"मी? तुमची गाडी?" ड्रायव्हरनं हातातला पत्रा खाली ठेवला. "उद्या एखादा नट सैल झाला तर माझ्यावर याल."

"येईन," काका म्हणाले. "पण आधी तुमच्याच दुकानात येऊन विचारीन. गल्लीत न्हाई."

ड्रायव्हरनं पत्रा पायानं बाजूला सरकवला. मग हात पुसले.

रस्त्यावर न्यायची गाडी नव्हतीच ती. गल्लीच्या मागं प्लॉटिंग पाडलेला माळ आहे, आखलेले कच्चे रस्ते आणि एकही घर नाही. तिथं नेली. गाडीत दोनच जागा. ड्रायव्हर बसला, शेजारची जागा काकांची. त्यांनी एक पाय आत टाकला आणि काढून घेतला.

"तू बस," ते काकूंना म्हणाले.

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं."

"बस म्हणलं ना."

काकू पदर खोचून बसल्या. ड्रायव्हरनं सावकाश क्लच सोडला. गाडी माळाच्या दुसऱ्या टोकाला गेली, वळली, आणि धूळ उडवत आमच्याकडे यायला लागली. काका रस्त्याच्या मधोमध उभे होते. मी म्हणाले, "काका, बाजूला व्हा." ते हलले नाहीत, आणि क्षणभर मला भीती वाटली की ते पुन्हा त्या मिनिटात गेले आहेत. पण त्यांचे डोळे हलत होते. डावं चाक, उजवं चाक, पुन्हा डावं.

"आत बसलेल्याला पुढचा अ‍ॅक्सल दिसतच न्हाई म्याडम," ते म्हणाले. "तो बाहेरूनच दिसतो."

खड्डा आला. एक चाक वर गेलं, अ‍ॅक्सल तिरका झाला आणि पुन्हा सपाट झाला. काकूंनी दोन्ही हातांनी दार धरलं होतं आणि त्या मोठ्यांदा हसत होत्या.